‘म्हणौनि साधकां तूं माउली’: ज्ञानेश्वरीतल्या गुरुस्तवनातले अलंकार कसे ओळखावेत

अलंकार शिकताना आपल्या हाती बहुतेक वेळा एकच सुटी ओळ येते. ती वाचायची, उपमेय (जिचं वर्णन करायचं ती गोष्ट) आणि उपमान (जिच्याशी तिचं साम्य दाखवायचं ती गोष्ट) शोधायचं, ‘सम’, ‘जैसा’, ‘जणू’ यांपैकी एखादा शब्द सापडतो का ते बघायचं आणि नाव लिहून पुढच्या प्रश्नाकडे वळायचं. सरावापुरती ही पद्धत चांगली आहे. पण सलग कविता समोर आली की ती अपुरी पडते, कारण कवितेत अलंकार एकमेकांना धरून येतात. पहिल्या ओळीत पडलेला पाऊस आठव्या ओळीत पीक होऊन उगवतो, आणि सुट्या ओळी वाचणाऱ्याला त्याचा पत्ताच लागत नाही.

म्हणून इथे मी एक सलग उतारा घेतो आहे: ज्ञानेश्वरीच्या बाराव्या अध्यायाच्या सुरुवातीच्या आठ ओव्या. ज्ञानेश्वरी शके १२१२ मध्ये, म्हणजे इ.स. १२९० मध्ये, प्रवरेकाठच्या नेवाशात सांगितली गेली आणि सच्चिदानंदबाबांनी ती लिहून घेतली. ज्ञानदेवांचे गुरू म्हणजे त्यांचेच थोरले बंधू निवृत्तिनाथ. आदिनाथ, मत्स्येंद्रनाथ, गोरक्षनाथ, गहिनीनाथ, निवृत्तिनाथ ही त्यांची परंपरा. वयाने थोडाच मोठा असलेला भाऊ हा गुरू, आणि त्याच्याविषयी लिहिताना कवीच्या तोंडी शब्द येतो ‘माउली’. उतारा वाचताना एवढं मनात असू द्या. नाथपंथाची आठवणही ठेवा, ती पुढे फार उपयोगी पडणार आहे.

उतारा असा:

जय जय वो शुद्धे । उदारे प्रसिद्धे ।
अनवरत आनंदे । वर्षतिये ॥ १ ॥

विषयव्याळें मिठी । दिधलिया नुठी ताठी ।
ते तुझिये गुरुकृपादृष्टी । निर्विष होय ॥ २ ॥

तरी कवणातें तापु पोळी । कैसेनि वो शोकु जाळी ।
जरी प्रसादरसकल्लोळीं । पुरें येसि तूं ॥ ३ ॥

योगसुखाचे सोहळे । सेवकां तुझेनि स्नेहाळे ।
सोऽहंसिद्धीचे लळे । पाळिसी तूं ॥ ४ ॥

आधारशक्तीचिया अंकीं । वाढविसी कौतुकीं ।
हृदयाकाशपल्लकीं । परीये देसी निजे ॥ ५ ॥

प्रत्यक्‌ज्योतीची वोवाळणी । करिसी मनपवनाचीं खेळणीं ।
आत्मसुखाची बाळलेणीं । लेवविसी ॥ ६ ॥

सतरावियेचें स्तन्य देसी । अनाहताचा हल्लरू गासी ।
समाधिबोधें निजविसी । बुझाऊनि ॥ ७ ॥

म्हणौनि साधकां तूं माउली । पिके सारस्वत तुझिया पाउलीं ।
या कारणें मी साउली । न संडीं तुझी ॥ ८ ॥

तुमच्या घरातल्या प्रतीत एखादा शब्द किंवा अनुस्वार वेगळा दिसेल. राजवाडे, साखरे, दांडेकर यांच्या प्रतींत पाठभेद आहेत. त्याने इथल्या विवेचनात फरक पडत नाही.

पहिली पायरी: अलंकार विसरा, अर्थ लावा

वही उघडून थेट ‘रूपक’ (उपमेय आणि उपमान एकच मानणारा अलंकार) लिहू नका. आधी प्रत्येक ओवी आजच्या मराठीत, साध्या वाक्यात लिहून काढा. या उताऱ्यात अडणारे शब्द थोडेच आहेत. ‘वो’ ही बाईला मारलेली हाक आहे, ‘अगं’सारखी. ‘व्याळ’ म्हणजे साप. ‘ताठी’ म्हणजे विष चढल्यावर अंगात येणारा ताठरपणा, शुद्ध हरपणं. ‘पल्लक’ म्हणजे पाळणा आणि ‘परीये देणे’ म्हणजे झोके देणं. ‘हल्लरू’ म्हणजे अंगाई. ‘बुझाऊनि’ म्हणजे समजूत घालून. ‘सारस्वत’ म्हणजे वाङ्मय, विद्या. ‘न संडीं’ म्हणजे सोडत नाही.

नाथपंथाच्या योगातल्या चार संज्ञांचीही ओळख हवी. आधारशक्ती म्हणजे मूलाधारातली, पाठीच्या कण्याच्या तळाशी मानलेल्या चक्रातली, कुंडलिनी ही सुप्त शक्ती. प्रत्यक्‌ज्योती म्हणजे आत वळल्यावर दिसणारा आत्म्याचा प्रकाश. सतरावी म्हणजे चंद्राच्या सोळा कलांपलीकडची अमृतकला. अनाहत म्हणजे काहीही कशावर न आपटता आत उठणारा नाद. कुंडलिनीचं वर्णन ज्ञानदेवांनी सहाव्या अध्यायात विस्ताराने केलं आहे. ते एकदा वाचलेलं असेल तर पाचवी ते सातवी ओवी लगेच उलगडते.

आता दुसरी ओवी साध्या मराठीत लिहिली तर अशी होते: ‘विषयरूपी सापाने मिठी मारली की चढलेली ताठी उतरत नाही. हे गुरुकृपादृष्टी, ती तुझ्यामुळे निर्विष होते.’ असं लिहिताना आपल्याला ‘विषयरूपी’ हा शब्द वापरावा लागला. पहिला अलंकार इथे आपोआपच हाती आला.

दुसरी पायरी: हाक कुणाला मारली आहे ते पाहा

या उताऱ्यात सर्वांत जास्त चुका इथे होतात, म्हणून थोडं थांबू या. ‘गुरूला आई म्हटलं आहे, म्हणून रूपक’ असं उत्तर सर्रास लिहिलं जातं. ते अर्धंच बरोबर आहे. ओव्या पुन्हा वाचा. शुद्धे, उदारे, प्रसिद्धे ही सगळी स्त्रीलिंगी संबोधनं आहेत. ती कुणाची, हे पहिल्या ओवीत कळतच नाही. दुसऱ्या ओवीच्या तिसऱ्या चरणात नाव येतं: गुरुकृपादृष्टी. बोलणं गुरूशी नाही, गुरूच्या कृपेच्या नजरेशी चाललं आहे.

म्हणजे उपमेय गुरू नसून ‘गुरुकृपादृष्टी’ आहे. नजर ही निर्जीव गोष्ट. तिला हाक मारली, ती उदार आहे असं म्हटलं, ती झोके देते आणि अंगाई गाते असं दाखवलं. हा झाला चेतनगुणोक्ती अलंकार. तो एका ओळीत नाही, आठही ओव्यांच्या मुळाशी आहे, आणि आईचं रूपक त्याच्यावर उभं आहे. आधी नजर सजीव झाली, मग ती आई झाली.

हा भेद महत्त्वाचा का? या उताऱ्यात गुरूचं रूप, वेष, वय, आवाज यांपैकी काहीही नाही. आहे ते फक्त त्याच्या पाहण्याने शिष्याचं काय होतं ते. निवृत्तिनाथ हा भाऊ बाजूला राहतो आणि त्याच्यातून वाहणारी कृपा तेवढी समोर येते. उपमेय नीट ओळखलं नाही तर कवीची ही निवड आपल्या हातून निसटते.

तिसरी पायरी: ‘चा-ची-चे’ तपासा

शाळेत रूपक ओळखायला ‘हाच’, ‘केवळ’, ‘साक्षात’, ‘प्रत्यक्ष’ अशा खुणा सांगतात. ज्ञानेश्वरीत त्या क्वचित सापडतील. तिथे रूपक दोन ठिकाणी दडलेलं असतं. एक म्हणजे समास: विषयव्याळ, हृदयाकाशपल्लक. दुसरं म्हणजे षष्ठीचा प्रत्यय: मनपवनाचीं खेळणीं, आत्मसुखाची बाळलेणीं, सतरावियेचें स्तन्य, अनाहताचा हल्लरू.

आता अडचण अशी की प्रत्येक षष्ठी म्हणजे रूपक नव्हे. ‘रामाचं घर’ यात राम आणि घर एक नाहीत. म्हणून एक सोपी कसोटी वापरा: ‘चा-ची-चे’ काढा आणि तिथे ‘हाच, हीच, हेच’ घालून बघा. ‘अनाहत हाच हल्लरू’ नीट बसतं, म्हणून रूपक. ‘मन आणि पवन हीच खेळणी’, बसतं. ‘आधारशक्ती हीच मांडी’, बसतं. आता आठव्या ओवीतलं ‘तुझिया पाउलीं’ घ्या. ‘तू हेच पाऊल’ असं म्हटलं तर अर्थ बिघडतो. ती साधी मालकी दाखवणारी षष्ठी आहे, रूपक नाही.

समासांनाही हीच कसोटी लागू पडते. ‘विषय हाच व्याळ’ चालतं. ‘गुरुकृपादृष्टी’चा विग्रह मात्र ‘गुरूची कृपादृष्टी’ असाच करावा लागतो, म्हणून तिथे रूपक नाही.

विषयव्याळापाशी आणखी एक गोष्ट पाहा. साप चावतो किंवा डसतो. ज्ञानदेवांनी शब्द घेतला ‘मिठी’. विषयसुखाचा दंश आपल्याला दंश वाटतच नाही, ती मिठीच वाटते. साप हे उपमान पुष्कळ कवींनी वापरलं असेल, पण त्याला मिठी मारायला लावली की रूपकाला धार येते. शिवाय ‘विषय’ या शब्दाच्या पोटात ‘विष’ ही अक्षरं आहेतच आणि ओवी संपते ‘निर्विष’वर. हा नादाचा खेळही टिपून ठेवा.

चौथी पायरी: दोन रांगा मांडा

पाचव्या ते सातव्या ओवीत एकच रूपक अंगोपांगांसह पसरलं आहे. याला सांगरूपक म्हणतात. ते नुसतं ओळखून भागत नाही, पूर्ण मांडावं लागतं. वहीच्या पानावर मधोमध उभी रेघ ओढा. डावीकडे बाळाच्या घरातली गोष्ट, उजवीकडे साधनेतली.

मांडी : आधारशक्ती
पाळणा : हृदयाकाश
ओवाळणी : प्रत्यक्‌ज्योती
खेळणी : मन आणि पवन (प्राण)
बाळलेणी : आत्मसुख
आईचं दूध : सतराव्या कलेचं अमृत
अंगाई : अनाहत नाद
झोप : समाधी

आता दोन्ही रांगा वरून खाली वाचा. डावी रांग हा तान्ह्या बाळाचा दिवस आहे: मांडीवर घेणं, पाळण्यात घालणं, ओवाळणं, खेळवणं, नटवणं, पाजणं, गाणं म्हणणं आणि शेवटी निजवणं. कुठल्याही घरात हे असंच चालतं. उजवी रांग मूलाधारापासून निघते, हृदयाशी येते, प्रकाश, अमृत आणि नाद या अनुभवांतून जाते आणि समाधीत थांबते. दोन्ही रांगा आपापल्या क्रमाने चालतात आणि एकमेकींना जुळतातही. सांगरूपकाची खरी परीक्षा हीच असते. नुसती आठ रूपकं शेजारी शेजारी ठेवली तर ती यादी होते. क्रम जुळला की त्यातून एक चित्र उभं राहतं.

‘मनपवनाचीं खेळणीं’ हे मला यातलं सगळ्यांत धाडसी रूपक वाटतं. मन आणि प्राण आवरणं हा योगातला अवघड भाग. इथे कृपादृष्टीने ते बाळाच्या हातात खेळणं म्हणून दिले आहेत. बाळ खुळखुळ्याशी झटापट करत नाही, खेळतं. साधनेतले कष्ट नाहीसे झाले हे कवी कुठेही सांगत नाही. ते काम रूपकाने केलं.

आणि ‘माउली’ हा शब्द? तो आठव्या ओवीत येतो, ‘म्हणौनि’ या शब्दामागून. आधी ‘तू आई आहेस’ असं सांगून मग पुरावे दिलेले नाहीत. लळे पुरवले, झोके दिले, पाजलं, निजवलं, ‘म्हणौनि’ तू माउली. उत्तर लिहिताना हा क्रम जरूर नोंदवा. ‘तूं माउली’ यात साम्यवाचक शब्द नाही, म्हणून ती उपमा नाही, हेही सोबत लिहा.

पाचवी पायरी: न लिहिलेलं उपमान शोधा

काही ठिकाणी कवी उपमान लिहीतच नाही, फक्त त्याची क्रिया लिहितो. पहिल्या ओवीत ‘वर्षतिये’ आहे, पण मेघ कुठेही नाही. तिसऱ्या ओवीत ‘कल्लोळ’ आणि ‘पुरें येसि’ आहे, पण नदी हा शब्द नाही. अशा जागी क्रियापदाखाली रेघ मारा आणि विचारा: ‘हे काम एरवी कोण करतं?’ उत्तर म्हणून जे येईल ते लपलेलं उपमान.

तसं केलं की उताऱ्यातून वाहणारा एक प्रवाह दिसू लागतो. पहिल्या ओवीत पाऊस. तिसरीत त्या पावसाचा पूर, आणि ‘पोळी’, ‘जाळी’ या आगीच्या क्रियांवर तो धावून येतो. सातवीत पाण्याच्या जागी आईचं दूध. आठवीत ‘पिके सारस्वत’, म्हणजे शेत तयार झालं. मेघ, नदी, आई आणि पिकलेलं शेत ही वरवर चार वेगळी चित्रं आहेत, पण ओल एकच आहे. सुट्या ओळी घेऊन अलंकार ओळखणाऱ्याला हे कधीच सापडत नाही, असं मी सुरुवातीला म्हटलं ते यासाठीच.

तिसऱ्या ओवीची रचनाही बघून घ्या. ‘कुणाला ताप पोळेल? शोक कसा जाळेल?’ हे प्रश्न आहेत, पण उत्तर मागणारे नाहीत. ‘कुणालाच नाही, कसाही नाही’ हे विधान प्रश्नाच्या रूपात ठेवलं आहे.

सहावी पायरी: मोठ्याने वाचा

शब्दालंकार डोळ्यांनी शोधू नका, कानांनी शोधा. ओवीचे पहिले तीन चरण यमकाने बांधलेले असतात आणि चौथा आखूड चरण मोकळा सुटतो. शुद्धे, प्रसिद्धे, आनंदे आणि मग ‘वर्षतिये’. हे ओवीचं अंगच आहे, म्हणून ‘यमक आहे’ एवढं लिहिणं पुरेसं नाही. ते यमक काही काम करतं का, ते पाहायचं.

सातव्या ओवीत देसी, गासी, निजविसी हे क्रियापदांचे प्रत्यय जुळले आहेत. असं यमक सहज जुळतं, त्यावर फार लिहिण्यासारखं नाही. आठव्या ओवीतलं यमक मात्र वेगळ्या तोलाचं आहे: माउली, पाउलीं, साउली. आई, तिची पावलं आणि तिची सावली. चालायला लागलेलं मूल ज्या तीन गोष्टींच्या आधाराने घरभर फिरतं, त्याच तीन गोष्टी यमकात बसल्या आहेत. इथे नाद आणि अर्थ वेगळे काढता येत नाहीत.

अनुप्रासासाठी चौथी ओवी घ्या. योगसुखाचे, सोहळे, सेवकां, स्नेहाळे, सोऽहंसिद्धीचे: ‘स’ पुन्हा पुन्हा येतो. सोहळे, स्नेहाळे, लळे, पाळिसी: ‘ळ’ चार वेळा. ‘ळ’ हा मराठी कानाला लाडाचा वर्ण वाटतो (बाळ, लळा, जिव्हाळा), आणि लाडाच्या ओवीतच तो असा दाटला आहे. ‘सोहळे’ आणि ‘सोऽहं’ यांची सुरुवातही कानाला एकच लागते. ‘तो मीच आहे’ ही सिद्धी आणि घरातला सोहळा एका आवाजाने सुरू होतात.

सातवी पायरी: जिथे अर्थ अडखळतो तिथे थांबा

‘समाधिबोधें निजविसी’. बोध म्हणजे जाग येणं, कळणं. बोधाने कुणी झोपतं का? वरवर विसंगत वाटणारं, पण विचार केल्यावर पटणारं असं विधान असेल तर तो विरोधाभास अलंकार. समाधीत जगाकडे पाठ फिरते म्हणून ती झोप, आणि स्वतःचं स्वरूप कळतं म्हणून तो बोध. पुढचा शब्द ‘बुझाऊनि’ हाही ‘बुध्’ या धातूच्याच कुळातला. आई रडणाऱ्या मुलाला बुझावते, म्हणजे त्याची समजूत घालते. गुरुकृपा साधकाला समज देते. दोन्ही अर्थ एका शब्दात मावतात, म्हणून इथे श्लेषाचीही छटा आहे. परीक्षेत मी इथे विरोधाभास ठामपणे लिहीन आणि श्लेष ‘छटा’ म्हणून नोंदवीन.

ठाम श्लेष हवा असेल तर ज्ञानदेवांच्याच अनुभवामृत (अमृतानुभव) या ग्रंथात जा. त्याच्या दुसऱ्या प्रकरणात निवृत्तिनाथांचं स्तवन आहे:

मोडोनि मायाकुंजरु । मुक्तमोतियाचा वोगरु ।
जेवविता सद्गुरु । निवृत्ति वंदूं ॥

मायारूपी हत्तीला मारून गुरू शिष्याला मोत्यांचं जेवण वाढतो. हत्तीच्या गंडस्थळात मोती असतात हा जुना कविसंकेत. ‘मुक्त’ म्हणजे सुटलेला, आणि संस्कृतात ‘मुक्ता’ म्हणजे मोती. हत्ती फोडून मिळतो तो मोती, माया फोडून मिळते ती मुक्ती. हत्तीला मारणारा सिंह मात्र ओवीत नाही. पाचव्या पायरीवर पाहिलेलं न लिहिलेलं उपमान इथे पुन्हा भेटतं.

आठवी पायरी: शेजारचे उतारे लावून बघा

एक अलंकार नीट कळायचा तर दुसरा शेजारी हवा. बाराव्या अध्यायात रूपकाचं राज्य आहे. उपमा हवी असेल तर पहिल्या अध्यायातलं गुरुस्तवन घ्या:

जैसें डोळ्यां अंजन भेटे । ते वेळीं दृष्टीसी फांटा फुटे ।
मग वास पाहिजे तेथ प्रगटे । महानिधी ॥

कां चिंतामणी जालिया हातीं । सदा विजयवृत्ति मनोरथीं ।
तैसा मी पूर्णकाम श्रीनिवृत्ती । ज्ञानदेवो म्हणे ॥

‘जैसें’ आणि ‘तैसा’ ही जोडी समोरच आहे, म्हणून उपमा. इथे दोन सापळे आहेत. पहिला ‘कां’चा. ज्ञानेश्वरीत असा ‘कां’ बहुधा ‘किंवा’ या अर्थी येतो, ‘का?’ असा प्रश्न म्हणून नाही. ‘नातरी’ आणि ‘नाना’ यांचंही तेच. हे शब्द दिसले की समजा, पुढे आणखी एक उपमान येणार. दुसरा सापळा उपमेयाचा. चिंतामणी (मनातली इच्छा पुरवणारं रत्न) पाहून आपण लगेच ‘गुरूला चिंतामणीची उपमा’ असं लिहितो. ओवी म्हणते ‘तैसा मी पूर्णकाम’. उपमेय ‘मी’ आहे. हातात चिंतामणी आलेल्या माणसासारखा मी.

त्याच्या पुढची ओवी तर प्रसिद्धच आहे:

म्हणोनि जाणतेनो गुरु भजिजे । तेणें कृतकार्य होईजे ।
जैसें मूळसिंचनें सहजें । शाखापल्लव संतोषती ॥

कीर्तनात याला सरळ दृष्टान्त म्हणतात. शाळेच्या व्याख्येप्रमाणे दृष्टान्त अलंकारात साम्यवाचक शब्द नसतो, आणि इथे ‘जैसें’ आहे. म्हणून परीक्षेत उपमा लिहा आणि कारण द्या. कीर्तनकाराचा ‘दृष्टान्त’ हा दाखला या अर्थाचा असतो. दोन्ही वापर आपापल्या जागी बरोबर आहेत, त्यांची सरमिसळ तेवढी करू नका.

याच स्तवनात, थोडं आधी, ‘संसारपूरु’ असं रूपक आहे: सद्गुरूने या पुरातून तारलं. म्हणजे पहिल्या अध्यायात पूर बुडवणारा आहे आणि बाराव्यात तोच पूर कृपेचा आहे. अमुक उपमान म्हणजे अमुकच अर्थ, असं पाठ करू नये ते यामुळे.

एका उपमेयाला उपमानांची माळ लागली तर ती मालोपमा. ती तेराव्या अध्यायात बघा. गुरूच्या गावाहून कुणी आलं की शिष्याला काय वाटतं?

कां सुकतया अंकुरा- । वरी पडलिया पीयूषधारा ।
नाना अल्पोदकींचा सागरा । आला मासा ॥

सुकणाऱ्या अंकुरावर अमृताची धार, डबक्यातला मासा समुद्रात. याच्या आगेमागेही अशीच चित्रं येत राहतात. याच भागात ‘युगाहूनि वडील । निमिष मानी’ असे शब्द आहेत: गुरूपासून दूर असताना क्षण त्याला युगाहून मोठा वाटतो. ‘हूनि’ दिसताच व्यतिरेक लिहायचा मोह होतो. पण व्यतिरेकात उपमेय हे उपमानापेक्षा श्रेष्ठ ठरवून त्याचा गौरव केलेला असतो, ‘अमृताहुनि गोड’सारखा. इथे क्षणाचा गौरव नाही, विरहाने ताणलेला वेळ आहे. माझं मत अतिशयोक्तीकडे झुकतं.

पंधराव्या अध्यायाचा आरंभ हा बाराव्याचा उलटा आरसा आहे. तिथे देणारी गुरुकृपा होती, घेणारं बाळ. इथे शिष्य देतो:

आतां हृदय हें आपुलें । चौफाळुनियां भलें ।
वरी बैसऊं पाउलें । श्रीगुरूंचीं ॥

हृदयाची चौपदरी घडी करून आसन मांडलं आणि मग मानसपूजा सुरू झाली. पुढे ‘तेथें अहं हा धूप जाळूं । नाहं तेजें वोवाळूं । सामरस्यें पोटाळूं । निरंतर’ अशी ओवी येते. ‘अहं हा धूप’ इथे ‘हा’ उघड आहे, म्हणून रूपकाविषयी शंकाच नाही. ‘अहं’ जळतो आणि ‘नाहं’चा, म्हणजे ‘मी नाही’ या जाणिवेचा, दिवा होतो. दोन रांगा मांडण्याचा सराव या पूजेवर करून पाहा. आणि ‘पोटाळूं’ म्हणजे मिठी मारू. बाराव्या अध्यायातली सापाची मिठी आठवते ना?

उत्तर कसं लिहावं

परीक्षेत पाच-सहा ओळीच लिहायच्या असतात. नाव, उपमेय, उपमान, खूण आणि परिणाम या क्रमाने लिहा. सातव्या ओवीचं उत्तर मी असं लिहीन:

‘या ओवीत रूपक अलंकार आहे. सतराव्या कलेचं अमृत हे उपमेय आणि आईचं दूध हे उपमान, अनाहत नाद हे उपमेय आणि अंगाई हे उपमान. साम्यवाचक शब्द नाही. षष्ठीच्या प्रत्ययाने दोन्हींत अभेद दाखवला आहे. मागच्या दोन ओव्यांपासून हे रूपक चालत आलेलं असल्याने ते सांगरूपक होतं. बोधाने निजवणं यात विरोधाभास आहे. योगातला गूढ अनुभव घरातल्या ओळखीच्या चित्रातून सांगितल्यामुळे तो साध्या वाचकालाही जवळचा वाटतो.’

शेवटचं वाक्य विसरू नका. अलंकाराने काय साधलं हे सांगितलं नाही तर उत्तर अपुरं राहतं.

सरावासाठी

याच बाराव्या अध्यायात, थोडं पुढे, कवी त्याच कृपादृष्टीकडे मागणं मागतो:

साहित्यसोनियाचिया खाणी । उघडवीं देशियेचिया क्षोणी ।
विवेकवल्लीची लावणी । हों देई सैंघ ॥

‘देशी’ म्हणजे मराठी, ‘क्षोणी’ म्हणजे भूमी, ‘सैंघ’ म्हणजे सगळीकडे, सर्रास. चारही पदांना ‘हाच-हीच-हेच’ची कसोटी लावा. साहित्य हेच सोनं? देशी भाषा हीच भूमी? विवेक हीच वेल? मग शेवटची षष्ठी घ्या, ‘वल्लीची लावणी’, आणि ती रूपकात बसते की नाही ते ठरवा. ते झालं की आठव्या ओवीतल्या ‘पिके सारस्वत’कडे परत जा आणि या ओवीतली जमीन, लावणी आणि तिथलं पीक एका रेघेने जोडून पाहा.